प्रार्थना न करता या

माझं पत्र परत आलं. मोबाइलवर दोनच ओळी होत्या : ‘आपले निवेदन मानवी आढळले नाही. आपण आणखी एकदा लिहू शकता.’

जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचलं आणि डबा उघडला. शेपूची भाजी होती. पत्र मी आमच्या आमदारांना लिहिलं होतं, माझ्या नवऱ्याच्या प्रेताबद्दल. ते प्रेत एप्रिलच्या उन्हात गावाच्या वेशीवर सकाळपासून दुपारपर्यंत कसं थांबलं होतं, त्याबद्दल. आणि सरकारी यंत्राचं म्हणणं होतं की हे माणसाने लिहिलेलंच नाही. मला संताप यायला हवा होता, निदान हसू तरी. मी भाजी संपवली, डबा विसळला आणि कामाला लागले.

खरं सांगायचं तर यंत्राशी माझं भांडण नव्हतं. गेले कित्येक महिने मलाही तसंच वाटत होतं.

मी विनता दुशिंग. जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते. माझा नवरा शमुवेल हृदयविकाराने गेला. त्याचं गाव धोंडपिंपरी. तिथे ओढ्याकाठी आमच्या लोकांची दफनाची जागा आहे. त्याचे वडील तिथेच आहेत, आजा तिथेच आहे. आम्ही त्याला घेऊन गेलो तेव्हा गावाने रस्ता अडवला होता. ग्रामसभेत ठराव झालाय, यापुढे ख्रिस्ती माणसाचं दफन गावाच्या शिवारात होणार नाही, असं सांगितलं. शेवटी आम्ही गाडी परत फिरवली. जालन्याच्या कबरस्थानात जागा शिल्लक नव्हती, म्हणून तिथल्या कमिटीने मोठ्या मनाने एका अनोळखी माणसाच्या जुन्या कबरीवर शमुवेलला जागा दिली. त्या दिवसापासून माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नंतर बंद केल्या. फरक कशानेच पडला नाही.

त्याच वर्षी ते विधेयक आलं. भेदभाव प्रतिबंध विधेयक. त्यातलं कलम नऊ आमचं होतं : धर्माच्या कारणावरून कुणालाही घर, पाणी किंवा अंत्यविधीची जागा नाकारता येणार नाही. गावोगावचा विरोध नेमका याच कलमाला होता. गंमत म्हणजे त्यांचंही म्हणणं धर्मस्वातंत्र्याचंच होतं. आमच्या गावात आमच्या रीतीने राहण्याचं आम्हाला स्वातंत्र्य नाही का, असं ते विचारत होते. कलम ठेवायचं की गाळायचं, हे विधानसभेची समिती मतदारसंघवार लोकांची पत्रं बघून ठरवणार होती.

आता पत्रांची भानगड सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पूर्वी आमदाराला पत्र लिहिणं सोपं होतं. मग यंत्रं लिहायला लागली, आणि ते फारच सोपं झालं. कुणीही घरबसल्या एका विषयावर लाखभर पत्रं पाडू लागला. एक पत्र परभणीच्या बोलीत, एक मालवणीत, एखाद्यात म्हातारीच्या हातच्या चुकासुद्धा. खरं पत्र कुठलं ते ओळखायचा उपायच उरला नाही, तेव्हा लोकप्रतिनिधींनी पत्रं वाचणंच सोडून दिलं. त्यावर तोडगा म्हणून ते पेन आलं.

मुळात ते कंपवाताच्या रोग्यांसाठी बनवलेलं होतं. निरोगी माणसाचा हातही सतत थरथरत असतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा. डोळ्यांना ते दिसत नाही, पेनाला कळतं. दुसरं म्हणजे बोटांच्या टोकांचा घाम. त्या ग्रंथी आपल्या ताब्यात नसतात. मनाला काही लागलं की पाठोपाठ त्या उघडतात, आणि ओलसर कातडीतून वीज जास्त वाहते. तिसरी नाडी. ती बोटातल्या रक्तावरून मोजता येते. पेन या तिन्ही गोष्टी मोजतं आणि लिहिलेल्या शब्दांशी ताडून बघतं. ‘माझा मुलगा गेला’ असं लिहिताना शरीर जागचं हललं नाही, तर लिहिणारा कुणाचं तरी सांगितलेलं उतरवून काढतोय, असं ते धरतं. यंत्राला घाम येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा होता. शंभरपैकी चाळीसच्या वर आकडा आला तर पत्र ‘जिवंत’. खाली आला तर ते मोजणीतून बाद. आकडा त्याच वेळी पडद्यावर दिसायचा, पण त्याचा निकाल वरून तपासून आठवड्याने यायचा.

माझा आकडा अकरा होता.

“अकरा म्हणजे कमालच झाली, ताई,” जनाभिप्राय केंद्रातले कुलथे म्हणाले. पेनाने लिहायची सोय तिथेच होती, मी विचारायला गेले होते. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेला गृहस्थ, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, स्वभावाने भला. “पेन नुसतं टेबलावर ठेवलं तरी पाच-सहा दाखवतं. गोळ्याबिळ्या चालू आहेत का?”

“बंद होऊन महिने झाले.”

“मग जरा आठवून लिहा ना. म्हणजे, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून.”

“आठवूनच लिहिलं होतं.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून भास्कर बाहेर आला. भास्कर धोंडपिंपरीचा, शमुवेलचा वर्गमित्र. आमच्या लग्नात आठ दिवस राबला होता. आणि त्या दिवशी वेशीवर रस्ता अडवणाऱ्यांत मागच्या रांगेत, खाली मान घालून तोच उभा होता. मला बघून तो दारातच थबकला.

“वहिनी.”

“काय लिहिलंस?”

“गावाचं जे म्हणणं हाय तेच. नववं कलम नको म्हनून. घरटी एक पत्र द्यायचं ठरलंय.”

“आकडा किती आला?”

तो तळहात पँटीला पुसायला लागला. कुलथ्यांनीच सांगितलं, “एक्क्याऐंशी. आजचा सगळ्यात मोठा.”

“म्हणजे मनापासून लिहिलंस.”

“कसलं मन, वहिनी,” भास्कर म्हणाला. तो अजून तळहात पँटीला पुसत होता. “लिवताना सारखा शमू दिसत हुता. हाताला निस्ता घाम. पेन दोनदा निसटलं.”

तो माझ्याकडे न बघता निघून गेला. कुलथे जरा खजील झाले. “आता मशीनला काय कळणार, ताई? थरथर ती थरथर. लाजेची असो नाहीतर रागाची.”

मला यावर काहीतरी वाटायला हवं होतं. मी रिक्षा करून कामावर गेले.

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर कळलं की मी एकटीच नाही. आमच्या मंडळीतल्या जवळजवळ सगळ्यांची पत्रं परत आली होती. पास्टर रणभिसे सगळ्यांना एकत्र बस करून केंद्रात घेऊन गेले होते. मी तेवढी कामामुळे वेगळी गेले होते. आता ते वेदीपुढे उभे राहून एकेकाचा आकडा विचारत होते. एकोणीस. बावीस. चौदा. भर बाजारात मार खाल्लेला माणूस, सव्वीस. ख्रिस्ती म्हणून तीन घरांतून नकार घेतलेली नर्स, सतरा. सगळी मंडळीच यंत्रं निघाली.

“कुणाचंच पास झालं नाही?” मी विचारलं.

“पॉलसचं झालं,” कुणीतरी म्हणालं. “सदुसष्ट.”

पॉलस कसोटे म्हणजे मंडळीतला सगळ्यात आळशी माणूस. उपासनेला शेवटच्या गीताला उगवणारा. सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले तेव्हा तो ओशाळला. “माझी बस चुकली होती हो. मी मागून टमटमने गेलो.”

“मग तुम्ही पोचलात तेव्हा बाकीचे काय करत होते?” मी विचारलं.

“लिहीत होते. प्रार्थना झाली होती त्यांची.”

तिथे माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे कुठलंही काम प्रार्थनेशिवाय सुरू होत नाही. विहीर खणायची असो, परीक्षा असो, नाहीतर नवी स्कूटर घ्यायची असो. केंद्राच्या व्हरांड्यात यांनी गीत म्हटलं होतं आणि मग डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना केली होती. रागाने लिहू नका, मनातला राग आधी प्रभूच्या हाती द्या, असं पास्टर म्हणाले होते. आणि लोकांनी तो खरोखरच दिला होता.

मी उठून सांगितलं. मेंदूतून निघून छातीत, पोटात उतरणारी एक लांब नस असते. माणूस डोळे मिटून सावकाश श्वास घेत, गुणगुणत बसला की ती जागी होते आणि हृदयाला म्हणते, हळू. नाडी उतरते, तळवे कोरडे पडतात, हाताची थरथर मंदावते. प्रार्थनेत जी शांती मिळते म्हणतो ना आपण, ती शरीरात अशी दिसते. आणि पेनाला शांत माणूस आणि खोटा माणूस यांतला फरक कळत नाही.

“मग उपाय काय, विनताबाई?” पास्टरांनी विचारलं.

“दुसऱ्या खेपेला प्रार्थना न करता जायचं.”

पास्टर हसले. त्यांचं हसू बघवत नव्हतं. “म्हणजे धर्माचं स्वातंत्र्य मागायला जायचं, आणि धर्म बाहेर चपलांपाशी ठेवायचा.”

“एका दिवसाने काय होतंय, पास्टर?” ती नर्स म्हणाली. “देव काय तेवढ्याने रुसून बसणार आहे?”

“देवाचं मी बोलतच नाही, बाई. मी आपलं बोलतोय.” मग ते वेदीकडे वळले. “मी कुणाला अडवणार नाही. जिवंत पत्रं हवीच आहेत. मी मात्र प्रार्थना करूनच लिहीन. माझं येऊ दे परत.”

प्रार्थनेमुळे आकडा पडतो, ही आमची तक्रार कुलथ्यांनी वर पाठवली. तीन दिवसांत उत्तर आलं : ‘सदर उपकरण सर्व धर्मांना समान वागवते.’

मंडळी दुभंगली. अर्धी माणसं म्हणाली, कायदा झाला तर उरलेलं आयुष्य प्रार्थनाच करायची आहे, आत्ता एकदा दम खा. अर्धी पास्टरांच्या बाजूने राहिली. नवरा इकडे आणि बायको तिकडे, अशी घरं झाली. माझा प्रश्न यातला नव्हताच. मी व्हरांड्यातली प्रार्थना केलीच नव्हती, तरी माझे अकरा आले होते. मी आपली घरी येऊन त्या दिवसाचा व्हिडिओ काढला. गावातल्याच कुणीतरी काढलेला होता आणि फिरत फिरत माझ्यापर्यंत आला होता. मी तो आजवर उघडला नव्हता. आता पुन्हा पुन्हा बघितला. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या शर्टाला मधलं बटण नव्हतं, तेवढं नव्याने दिसलं.

“काय बघतीस?” सासू आतून म्हणाली.

मार्थाबाई, माझी सासू. शमुवेल गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्या हृदयाने जवळपास हात टेकले होते. पाय सुजलेले असायचे, दोन वाक्यांनंतर दम लागायचा. दिवाळीपर्यंत फार तर, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला न सांगताच ते कळलेलं होतं. तिचं मागणं एकच होतं, आणि ती ते दर दोन दिवसांनी मागायची : मला धोंडपिंपरीला ने. तुझ्या सासऱ्यापाशी ठेव. मला दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या उरावर निजवू नको.

मी दर वेळी हो म्हणायची. कलम नऊ पडलं तर ते हो खोटं ठरणार होतं.

“मी पण लिहिते पत्र,” ती म्हणाली. “माझं मत धरतील का नाही?”

“धरतील. पण आई, पेन हातात घेतल्यावर प्रार्थना करायची नाही.”

“मनातल्या मनात?”

“मनातल्या मनात पण नाही.”

“मंग मन कशाला नेऊ सोबत?” ती म्हणाली. तिला यात विनोद दिसला नव्हता, ती खरंच विचारत होती. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई. दिवसभर तिचे ओठ हलत असत. दळण निवडताना, औषधाची गोळी गिळताना, जिना चढताना. मला वाटतं, प्रार्थना आणि श्वास यांच्यात तिने कधी फरकच केला नव्हता.

“एवढा एक दिवस, आई. तुम्हाला गावी जायचंय ना?”

“बरं,” ती म्हणाली. “न्हाई करत.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. आधी नेलं नाही, कारण आधी तिला उठवत नव्हतं. केंद्रात गर्दी होती. धोंडपिंपरीचेही बरेच जण होते. कुलथ्यांनी तिला खुर्चीत उशी दिली, पाणी दिलं, पेन हातात दिलं आणि पडदा सुरू केला. “आजी, एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही बरं का. सावकाश लिहा. आज शेवटचा दिवस आहे, परत बसता यायचं नाही.”

तिने मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायला घेतलं. ‘आमदार साहेबांस, मार्थाबाई दुशिंगचा सलाम. माझा मुलगा शमुवेल.’ एवढं लिहिलं आणि ती थांबली. आकडा पस्तीस होता. मला वाटलं, आता चढेल.

तिचे डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

आकडा एकतीसवर आला. मग सत्तावीस.

“आई,” मी म्हणाले.

तिने डोळे उघडले, आणखी एक ओळ लिहिली. ‘त्याला मातीसाठी गावात येऊ दिले नाही.’ परत डोळे मिटले. ती काही ठरवून करत नव्हती. मुलाचं नाव लिहिलं की तिच्याकडून ते आपसूक होत होतं. चोवीस. एकवीस. कुलथे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या खांद्याला हात लावला. “आई, नको ना. आत्ता नको.” तिला ऐकूच आलं नाही. ती पुटपुटत होती, “देवा बापा, माझ्या लेकराला तुझ्यापाशी...” आणि चेहरा इतका निवांत झाला होता की तिला दम लागतो हे कुणाला खरं वाटलं नसतं. एकोणीस.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

हळू नाही ठेवला. दाबला. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली एकदा हलले आणि थांबले.

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. सुनेने काय केलं ते समजायला तिला एक क्षण लागला. मग समजलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी हात काढला तेव्हा तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती. ती खाली मान घालून लिहायला लागली.

आकडा चढला. तीस, त्रेचाळीस, अठ्ठावन्न. तिची अक्षरं वाकडी होत गेली. पेन कागदाला टेकेना इतका हात हलत होता. आजूबाजूची माणसं पडद्याकडे बघायला लागली. सही करेपर्यंत त्र्याहत्तर झाले होते.

“जिवंत!” कुलथे आनंदाने म्हणाले. “आजी, जिंकलात!” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ताई, तुमचे हात बघा. बसा, आत्ताच्या आत्ता बसा तुम्ही पण. तुमची एक खेप बाकी आहे.”

मी बसले. पेन अजून तिच्या हाताने गरम होतं. मी माझं जुनंच पत्र लिहिलं, शब्दाला शब्द. एप्रिलचं ऊन, वेस, गाडी, अनोळखी कबर. कानशिलं तापली होती. शरम काय असते हे मी विसरले होते, ते सगळं एकदम परत आलं. मी शमुवेलबद्दल लिहीत होते आणि पेन दुसऱ्याच गोष्टीसाठी मार्क देत होतं. एकोणसत्तर.

घरी येताना रिक्षात ती दुसऱ्या टोकाला सरकून बसली. तिने माझा आधार मात्र घेतला, जिना तिला एकटीला चढवत नव्हता.

कलम नऊ राहिलं. आमच्या मतदारसंघात बाजूची जिवंत पत्रं विरोधातल्यांपेक्षा थोडीशीच जास्त भरली. समितीने ते कलम जसंच्या तसं ठेवलं आणि सभागृहात विधेयक मंजूर झालं. आमदारांनी चौकात फलक लावला, हात जोडलेला फोटो आणि खाली ‘आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या’. पास्टरांचं दुसरं पत्रही परत आलं होतं. त्यांना सोळा मिळाले होते. मंडळीत पेढे वाटले तेव्हा त्यांनीही एक घेतला.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा सासू खाटेवर बसून ताटात तूर निवडत होती. तेवढं काम तिला अजून जमायचं.

“आई, कलम राहिलं. आता गावात कुणी अडवू शकत नाही. अडवलं तर पोलिस येतील.”

तिने मान हलवली. खडा वेचून बाजूला ठेवला. “मला नेशील तिथं?”

“नेईन.”

“पास्टरला बोलव. मंडळीला बोलव समद्या.” तिला दम लागला, ती थांबली. “भास्करलाबी सांग. येईल न येईल.”

“सांगते.”

“तू माती टाक. तुझा हक्क हाय.” ती अजून माझ्याकडे बघत नव्हती. “पर प्रार्थना तू म्हनू नगंस.”

मी बरं म्हणाले. आणि मला रडू आलं, शमुवेल गेल्यापासून पहिल्यांदाच. हुंदके आवरेनात. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ताट उचललं आणि भिंतीला धरून धरून आत गेली.